जावईबापूंची सर्व्हिसिंग

आमच्या अभिजीत जावयांना कुणी चार शब्द सांगितलेले खपत नाहीत, आणि जावयाला सांगायची आमच्यात रीतही नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं आमटीत मूठभर मीठ टाकलं तरी मान सासूनंच खाली घालायची. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवायचा कारखाना आहे त्यांचा. तिथं मशीन अडलं की एक चापट मारतात, चालू होतं. तेवढ्या अकलेवर त्यांनी आमची बोट मागितली. नुसती फिरायला नव्हे! दिवाळीपासून पाहुण्यांना बसवून फेऱ्या तेच मारणार, म्हणे.

बदलापूरच्या पुढं नदीकाठी आमची जागा आहे. लोक येतात, भाकरी-मटण खातात, बोटीत बसतात. बोटीचं इंजिन आत, आणि मागं पाण्यात पाय सोडून बसावं तसा ड्राइव्ह, खाली पंखा. नदीचं पाणी त्या पायातून वर ओढलं जातं, म्हणून इंजिन थंड राहतं. ओढायला आत पंपात एक रबरी चक्र असतं, ते पाण्याशिवाय फिरवलं की पापडासारखं करपतं. आणि पायातल्या गिअरांना तेल लागतं. ते खालच्या भोकातून वर चढवायचं, वरच्या भोकातून बाहेर आलं की झालं. भाकरी थापण्यापेक्षा सोपं काम. पण माझे दीर सदूभावजी ते पूजेसारखं करतात.

दसऱ्याच्या सकाळी भावजी फुलं आणायला बाजारात गेले, तेवढ्यात जावईबापूंनी सर्व्हिसिंग काढली. जुनं तेल खालून सोडलं, आणि नवं माझ्या स्वयंपाकघरातलं नरसाळं लावून वरून ओतलं. दोन घोटांत वर आलं.

"फुल्ल!" म्हणाले.

हवा भरली होती आत. बाटली अजून अर्धी हातात, तरी माणसाला शंका येऊ नये?

मग पूजा. बोट अंगणात ट्रॉलीवर, झेंडूच्या माळा, नारळ. चावी फिरवायचा मान जावयाचा. भावजींनी नळाच्या नळीच्या दोन रबरी वाट्या ड्राइव्हला चिकटवल्या होत्या, जमिनीवर इंजिन चालवताना पाणी मिळावं म्हणून. जावयांनी त्या काढून फेकल्या. व्हिडिओत शोभत नव्हत्या!

"अहो, पाण्याशिवाय..." भावजी म्हणाले.

"काका, टेन्शन कायको? दो मिनिट तो चलता है."

आणि घर्र्र केलं. त्यांच्या बहिणींनी टाळ्या वाजवल्या. मला करपल्याचा वास आला.

"कसला वास हो?"

"धूप आहे, आई."

मी पुरणाकडं वळले. थोड्या वेळानं भावजी स्वयंपाकघराच्या दारात उभे. तळहातावर एवढीशी चकती.

"वहिनी, हा तेलाच्या स्क्रूचा वॉशर. गवतात पडला होता."

"मग सांगा त्यांना!"

"जावई आहेत. तुम्ही सांगा."

मी हात धुऊन बाहेर येते तो ट्रॉली रिकामी. बोट नदीत, आणि बोटीत माझी लेक सुषमा आणि नात सोनिया.

अर्ध्या पात्रात भोंगा वाजायला लागला. इंजिन तापलं की तो वाजतो, काठावरून आम्हाला ऐकू येत होता. मग थांबला. मी म्हटलं, देवा, इंजिन बंद करण्याइतकी अक्कल आली. कुठली! पोर घाबरते म्हणून त्यांनी भोंग्याची वायर ओढून तोडली होती. इंजिन तसंच चालू. मग धूर निघाला, आणि बोट गप्प झाली. खाली बंधारा, पाणी भरून वाहत होतं, आणि बोट आडवी होऊन तिकडं सरकायला लागली. सुषमानं पोरीला पोटाशी धरलेलं मला दिसत होतं. जावईबापू इंजिनाच्या झाकणावर चापटा मारत होते.

वाडीतला कान्हा ट्यूबवर बसून मासे धरत होता. त्यानं जाळं सोडलं, भावजींनी टाकलेला दोर दातात धरला, हातांनी पाणी मारत गेला आणि बोटीला गाठ मारली. मग काठावरच्या आम्ही सगळ्यांनी ओढलं. बायकांनीही.

भावजींनी खालचा स्क्रू काढला. तेल कसलं, चहा! वॉशर नव्हता तिथून पाणी शिरून दूध जास्त झालेला. पंप उघडला तर रबराचे तुकडे.

"बोटच जुनी आहे, आई," जावई म्हणाले. "माल डुप्लिकेट."

दुपारी पानं वाढली. सुषमा घास चिवडत होती. विहीणबाई कुमुदिनी मला म्हणाल्या, "सणाचा दिवस आहे, जाऊ द्या. रिपेर करून घ्या, दिवाळीला चालवेल तो. जावयाला कुणी बोलतं का?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुरणाच्या पोळीवर तूप सोडलं, त्यांच्याच ताटात, आणि म्हटलं, "अभिजीतराव, पाट तुमचा, पहिलं ताट तुमचं, आपट्याचं पानही पहिलं तुमच्या हातात. त्यात मी कसूर करायची नाही. पण नदीला जावई नसतो. त्या बोटीला तुमचा हात दिवाळीला लागणार नाही, आणि मी जिवंत आहे तोवर कधीच लागणार नाही. फिरायचं असलं तर सदूभावजी चालवतील. तुम्ही तरंगायचं जाकीट घालून सोनियाच्या शेजारी बसायचं, गप्प."