सिस्टरबाईची पुंगी

मी एक लाकडी नळी बोलतेय. वीतभर लांब. एका टोकाला वाटीसारखं पसरट तोंड, दुसऱ्या टोकाला चपटी चकती. पोटुशी बाईच्या पोटावर माझं तोंड टेकवायचं आणि चकतीला कान लावायचा, की आतल्या बाळाचे ठोके ऐकू येतात. मला वीज लागत नाही. दवाखान्याच्या कागदांवर माझं काहीतरी इंग्रजी नाव होतं, पण देवगाव रंगारी या गावातल्या बाया मला ‘सिस्टरबाईची पुंगी’ म्हणायच्या.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, मी आज आहे त्या शहरातल्या सांडू नावाच्या कातारी माणसानं मला शिसवीच्या तुकड्यातून कातून काढलं. लाटणी आणि बाजेचे पाय बनवणारा माणूस तो. असली वस्तू त्यानं कधी केली नव्हती. नमुना समोर ठेवून तीनदा चुकला, चौथ्यांदा मी झाले.

माझी पहिली मालकीण केसरबाई. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. नर्सिंग शिकून देवगाव रंगारीला मिशनच्या लहानशा दवाखान्यात नुकत्याच लागल्या होत्या. सत्तावीस वर्षं मी त्यांच्या खिशात राहिले. मला पोटावर ठेवलं की खोलीतली सगळी माणसं श्वास रोखून धरायची. मग एखादी सासू हळूच विचारायची, “पोरगा हाय का, बाई?”

केसरबाई म्हणायच्या, “जित्तं हाय. एवढंच कळतं हिच्यातनं.”

पुढं त्यांचे यजमान मोतीराम वारले. नोकरी संपल्यावर केसरबाई दोन मुलांना घेऊन शहरात, उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांत राहायला आल्या. मी कपाटात गेले, साड्यांच्या खाली, डांबराच्या गोळ्यांशेजारी. सतरा वर्षं मला कुणी हात लावला नाही.

त्यांची मुलगी करुणाही नर्स झाली. उस्मानपुऱ्यातल्याच एका मोठ्या दवाखान्यात ती बाळंतपणाच्या वॉर्डात होती. तिथं सगळं यंत्रावर. धाकटा अभय बिडकीनच्या एका कंपनीत जायचा.

एका रविवारी चर्चमधून आल्यावर करुणा म्हणाली, “आई, आफ्रिकेत मलावी नावाचा देश आहे. तिथल्या मिशनच्या दवाखान्याला सुईणीचं काम येणारी नर्स पाहिजे. मला वाटतं, हे माझं पाचारण आहे. देव मला बोलावतोय.”

केसरबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “इथं काय बाया बाळंत व्हत नाईत? देवगावला जा की. ते बी देवाचंच हाय.”

“ते खरंय, आई. पण प्रार्थनेला बसले की तेच मनात येतं. दोन वर्षं झाली. जात नाही.”

खरं सांगायचं तर करुणालाही खात्री नव्हती. दोन वर्षांपूर्वीच तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. वय चौतीस. एका दुपारी चर्चचे धर्मगुरू, पाळक राजेंद्र, घरी आले, तेव्हा तिनं त्यांना सरळ विचारलं, “पाळकसाहेब, देव बोलावतोय की मलाच इथून पळून जायचंय, हे कसं ओळखायचं?”

पाळकांनी चहाचा कप खाली ठेवला. “मला नाही सांगता येणार, बेटा. तीस वर्षं झाली, माझ्याही मनात अजून कधीकधी शंका येते. तरी दर रविवारी वेदीपुढं उभा राहतो.”

करुणानं होकार कळवला. चर्चनं तिच्यासाठी निरोपाची प्रार्थना ठेवली. केसरबाई गेल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. पण निघायच्या सकाळी त्यांनी कपाट उघडलं, मला बाहेर काढलं, खोबरेल तेलाच्या बोटानं पुसलं आणि करुणाच्या बॅगेत खुपसलं.

“तिकडं वीज सारखी जाती म्हणत्यात,” त्या म्हणाल्या. “हिला लागत नाय.”

एवढंच. मग त्या चूल पुसायला लागल्या, म्हणजे गॅसची शेगडी. ती आधीच पुसलेली होती.

मलावीतला दवाखाना तांबड्या मातीच्या माळावर होता. भाषा कळायची नाही. पण पोटावर हात ठेवून कळा सोसणारी बाई मला परकी वाटली नाही. करुणा ‘दुखतंय का’, ‘जोर लावा’, ‘रडू नका’ एवढे शब्द पहिल्यांदा शिकली. वीज खरंच जायची. मी पुन्हा खिशात राहू लागले.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत, म्हणजे तिकडच्या भर पावसाळ्यात, मर्सी नावाची एक तरुण बाई आली. पहिलं बाळंतपण, बाळ अडलेलं. ऑपरेशन जिल्ह्याच्या दवाखान्यात व्हायचं आणि मधल्या नदीवरचा पूल पाण्याखाली. गाडी दोनदा निघाली, दोनदा परत आली. करुणा दर दहा मिनिटांनी मला टेकवत होती. मी ठोके तिच्या कानापर्यंत पोचवत होते. दुपारी तीनच्या सुमारास ते मंद झाले. मग थांबले. तिनं मला एकदा हलवून दुसरीकडं ठेवलं, तिसरीकडं ठेवलं. माझ्याकडं द्यायला काही नव्हतं.

मर्सी वाचली.

त्यानंतर चार दिवस करुणानं नीट खाल्लं नाही. पाचव्या दिवशी तिनं घरी फोन लावला. “आई, मी परत येतेय. माझं चुकलं. देवानं बोलावलं असतं तर असं झालं नसतं.”

पलीकडून केसरबाईंचा आवाज बारीक आला. “माझं ऐक. देवगावात पहिल्याच वर्षी दगडाबाईचं लेकरू गेलं माझ्या हातात. मी उठून माहेरी गेले. आठ दिवस बसले. नवव्या दिशी परत गेले तर दगडाबाई दवाखान्याच्या पायरीवर. मला म्हनली, बाई, तुमी न्हवत्या तर आमी कुनाकडं जावं?”

मला तो दिवस आठवत होता. पण केसरबाईंनी तो आजवर कुणाला सांगितला नव्हता.

“तू तर मला जाऊच देत नव्हतीस,” करुणा म्हणाली.

“व्हय. माझ्यासाठी नव्हते देत. आता माझ्यासाठी येऊ नको.”

“आई, आवाज का असा येतोय?”

“खोकला हाय. थंडी लई पडली औंदा.”

करुणा राहिली. फेब्रुवारीत अभयचा फोन आला. आई गेली होती. मलावीत पाऊस कोसळत होता. तिथल्या राजधानीपर्यंत पोचायलाच तिला तीन दिवस लागले. ती इथं चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरली, तेव्हा आईला माती देऊन तीन दिवस होऊन गेले होते.

घरी आल्यावर अभयनं सांगितलं, “नाताळाच्या आधीच कळलं होतं. पोटाचा कॅन्सर. मला शपथ घातली तिनं.”

करुणा खाली बसली. “म्हणजे मी येते म्हणाले, तेव्हा तिला माहीत होतं.”

“हो.”

“मला सांगायला पाहिजे होतंस तू.”

“आणि तू जायला नको होतंस, ताई. शेवटी रोज दाराकडं बघायची ती.”

पुढं दोघं तीन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच घरात राहिले, आळीपाळीनं जेवले. करुणा रोज कब्रस्तानात जायची, मी तिच्या पर्समध्ये. कबरीच्या ताज्या मातीजवळ बसून एकदा ती मोठ्यानं म्हणाली, “प्रभू, मला तिथं तू थांबवलंस की आईच्या खोट्यानं?” आम्ही दोघीही कान देऊन बसलो.

तीन आठवड्यांनी तिनं बॅग भरायला घेतली. अभय दारात उभा होता. “अजून पाचारण वाटतं तुला?”

“खात्री नाही रे. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. पण आत्ता थांबले तर भीतीनं थांबेन. तसं नाही थांबायचं मला.” ती रडत होती आणि कपड्यांच्या घड्या घालत होती.

अभय आत येऊन म्हणाला, “आईचं एवढं तरी इथं राहू दे.” त्यानं माझ्याकडं बोट केलं.

करुणानं मला दोन्ही हातांत धरलं. चकतीला तिच्या कानाचा शेवटचा स्पर्श झाला आणि तिनं मला अभयच्या हातात दिलं.

तेव्हापासून मी अभयच्या घरी, टीव्हीशेजारच्या फळीवर आहे. करुणाच्या खिशात आता काय असतं, मला माहीत नाही. विजेविना ती ठोके कशानं ऐकते, हाही घोर लागतो. लाकूड सुकून माझ्या तोंडाला बारीक चीर गेली आहे. अभय कधीतरी मला उचलतो. कोणतं टोक कानाला लावायचं ते त्याला कळत नाही, तरी थोडा वेळ धरून बसतो.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरातून कुणी अशा हाकेमागं निघालं, तर त्याला हवं तेवढं अडवा, भांडा, रडा. पण ते गेल्यावर आपलं दुखणं त्याच्यापासून झाकून ठेवू नका. केसरबाईंनी ते लेकीसाठीच केलं, हे मला कळतं. तरी त्याचं ओझं लेकीच्याच वाट्याला आलं.

गेल्या रविवारी अभयनं करुणाला फोन लावला. आधी हवापाण्याचं बोलणं झालं. मग तो म्हणाला, “ताई, माझी शुगर वाढलीय. दोनशे चाळीस. तुला सांगून ठेवतो.”



“गोळ्या घेतोस का?” करुणानं विचारलं.

“घेतो.”

“आणि काय काय आहे? सगळं सांग,” ती म्हणाली. मग अभय खुर्ची ओढून बसला आणि सांगू लागला.