नाळेचं झाड

करेन लोकांत मूल झालं की बापाने त्याची नाळ बांबूच्या नळकांड्यात घालून झाडाला बांधायची. मग मुलाचा जीव त्या झाडाशी जोडलेला, आणि त्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. इंग्रजांच्या जंगलखात्यातला वनस्पतींचा पंडित डनकन गिलख्रिस्ट ब्रह्मदेशातल्या या डोंगरात जावई होऊन राहिला होता. लेक से पॉ झाली तेव्हा त्याने मुद्दाम स्वतःला ओळखू न आलेलं झाड निवडलं आणि हसतहसत नळकांडं बांधलं. त्याच्या बायकोला, म्यूपॉला, त्याचं कोण कौतुक वाटलं. असली कौतुकं पुढे महागात पडतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

यंदा ते झाड पहिल्यांदा फुलावर आलं. फूल हाती आल्याशिवाय झाडाला नाव देता येत नाही, आणि डनकनला इतकी वर्षं तोच एक घोर. खोड सरळसोट, गावातला एकही गडी वर चढेना. बंदुकीने फांदी पाडायला गेला, तर नुसता भुगा खाली आला.

"पडलेली वेच की, से पॉच्या बा," म्यूपॉ म्हणाली.

"त्या नुसत्या पाकळ्या. मला अख्खं फूल पाहिजे, देठासकट."

"आणि मला माझी पोर पाहिजे. अख्खी."

"अगं, ती मौलमीनला शाळेत बसून पाढे म्हणतेय. तिला काय होतंय? दर रविवारी चर्चमध्ये जातेस ना तू?"

"जाते. म्हणून काय इथली रीत धाब्यावर बसवू?"

"बरं बाई. नाही तोडत."

नवरा 'बरं' म्हणाला की भल्याभल्या बायका फसतात, तशी म्यूपॉही फसली. ती रानात भात खुरपायला गेली, तेव्हा डनकनने खालच्या गावातले ब्रह्मी लाकूडतोडे आणले. झाड पडल्याचा आवाज तिला बांधावर ऐकू आला. ती धावली नाही. धावून आता काय करायचं होतं? जागच्या जागी बसून ती स्वतःलाच शिव्या घालत राहिली.

सुट्टी लागली आणि से पॉ घरी आली. गाल चांगले भरलेले, पायऱ्या उड्या मारत चढली.

"बघ. झालं काही?" डनकन म्हणाला. म्यूपॉचा जीव भांड्यात पडला.

जेवायच्या वेळी म्यूपॉच्या आईने सगळ्यांना वाडग्यांत भात वाढला. से पॉचा भात तिने केळीच्या पानावर घेतला आणि मागच्या पायरीवर नेऊन ठेवला. तिथे मेलेल्यांना वाढतात.

"आजी, रुसलीस होय?" पोरगी हसली.

म्हातारीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "गुणाची होती गं तुझी लेक," ती म्यूपॉला म्हणाली.

"समोर धडधाकट उभी आहे ती," डनकन उखडला. त्याने दाबून वाळवलेलं फूल कागदासकट लेकीपुढे धरलं. "हे बघ. झाडाला तुझंच नाव दिलंय. मागे लॅटिनचं शेपूट आहे, पण नाव तुझं. आता जगभर घेतील."

"आणि झाड कुठाय?"

डनकनने कागदाची घडी घातली.

 से पॉ उठून मागच्या पायरीवर जाऊन बसली आणि पानावरचा भात खाऊ लागली.

"से पॉ, आत ये. हा मूर्खपणा नको," डनकन म्हणाला.

म्यूपॉने आपला वाडगा उचलला. बाहेर जाऊन तिने त्यातला भात त्याच पानावर पालथा केला आणि लेकीला चिकटून जेवायला बसली.