काखेत अडकलेली शाल

मी एक शाल बोलतेय. हात लावायला जाऊ नका, हाताला काही लागणार नाही. मी संगणकात राहते. लोकरीचा एकही धागा माझ्या अंगात नाही. आहेत ते हजारो ठिपके आणि त्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या स्प्रिंगा. मला कोणी चितारत नाही. वजनाचे, ताणाचे, वाकण्याचे नियम देतात आणि सोडून देतात. पुढे पडायचं कसं, ते माझं मी बघते.

माझा जन्म एका प्रयोगशाळेतला. मला घडवणारी तिथल्या संशोधकांत सगळ्यांत लहान, म्हणून तिला सगळे 'धाकटी' म्हणतात. तिनं घरून आईची शाल आणली होती. ती खुर्चीवर टाकायची, उचलायची, पुन्हा टाकायची, आणि मोबाइलवर चित्रण करत राहायची. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी विचारायचंच, "काय गं, कपडे वाळत घालतेयस की संशोधन चाललंय?"

"दोन्ही. ओली कशी पडते तेही बघायचंय."

लहानपणी मी तिला फार छळलं. कधी खुर्चीतून आरपार जायचे, कधी स्वतःच्याच अंगातून. एकदा तर अशी फुटले की ठिपके पडदाभर उधळले. "अगं बाई, एवढा राग?" म्हणाली, आणि समीकरण तपासायला बसली.

मग मला एका अ‍ॅनिमेशन चित्रपटात काम मिळालं. थंडीत बसलेली आजी स्वतःच्या अंगावरची शाल काढून झोपलेल्या नातीवर घालते, एवढाच प्रसंग. पण धाकटीची पद्धत खऱ्या कामात टिकते का, ते त्यावरच ठरणार होतं. नाही टिकली तर प्रयोगशाळेचे सर तिला दुसऱ्या विषयाला लावणार होते.

नेमकं तिथंच माझं बिनसलं. आजीनं हात अंगाशी घेतला की मी काखेत थरथरायला लागायचे, कडा वेड्यावाकड्या उडायच्या. धाकटीनं माझी हालचालच जड करून पाहिली. मी गप्प झाले खरी, पण मधात बुडाल्यासारखी पडू लागले.

दिग्दर्शिका वैतागली. "शालीचे लाड पुरे झाले. आजीच्या अंगावर सरळ स्वेटर रंगवा आणि नातीला आधीच पांघरूण द्या."

"तसं केलं तर आजी नातीला देणार काय?" धाकटीचा आवाज चढला. सरांनी तिला खुणेनंच गप्प केलं. "उद्यापर्यंत बघ. नाहीतर सोड बाई हा नाद."

ती तडक आजीला हालवणाऱ्या चित्रकाराकडे गेली. त्याला सगळे मामा म्हणतात.

"मामा, शाल काढून नुसती आजी दाखवा ना."

"आतलं कशाला बघतेस? झाकलेलंच राहणार ते."

त्यानं मला बाजूला केलं. आजीचा दंड चांगला चार बोटं बरगडीत घुसला होता!

"अहो मामा, हे काय?"

"मग? हात अंगाला चिकटलेला दिसला की झालं. आम्ही सगळे असंच करतो. कुणाला दिसतंय?"

"हिला कळतंय ना! हात म्हणतो सरक, बरगडी म्हणते सरक. बिचारी जाणार कुठं? आणि मी हिलाच दामटत होते."

मामा ओशाळला. "हात बाहेर काढून देऊ का?"

"चित्रपटभर असे किती हात काढाल? हिलाच जरा मोकळीक देते."

तिनं मला नवा नियम दिला. दोन्हीकडून रेटा आला, तर त्या जागच्या ठिपक्यांनी भांडायचं नाही. हात नेईल तिकडे जायचं. हात सुटला की पुन्हा आपल्या वजनानं पडायचं.

दुसऱ्या दिवशी मी आजीच्या खांद्यावरून निघाले, काखेत गुमान बसले, सुटले आणि नातीवर पसरले. धाकटी ओढणीचं टोक पिळत उभी होती.

"अरे," दिग्दर्शिका पुढे झुकून म्हणाली, "त्या पोरीचा पाय उघडा राहिलाय. गारठेल ना!"

माझ्याबद्दल एक अक्षर नाही. पण सर धाकटीकडे वळून हसले. "विषय तुझाच. लाग कामाला."

तेव्हापासून कुणाकुणाच्या खांद्यावर पडत असते मी. माझं एवढंच ऐका: दोघांच्या मध्ये सापडून कोणी थरथरत असेल, तर त्याच्यावर ओरडण्याआधी जरा आत डोकावून बघा.

येते मी. पोरीचा पाय झाकायचाय.