मामांची टाळी

भिंगरी हे टोपणनाव मामांनीच ठेवलं होतं, आणि आता तेच तिला टोचत होतं. हवेत उडी घ्यायची, दोन गिरक्या मारायच्या, दुसरी संपता संपता लाथ फेकायची आणि पायांवर उतरायचं, एवढंच तर होतं. पण भिंगरी दीड गिरकीतच गादीवर आपटायची. दुपारी तायक्वांदोच्या प्रात्यक्षिक संघाची निवड होती. वयाची अट बघता यंदा नाही तर कधीच नाही.

मामा तिचे गुरूही होते. त्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, "आणखी उंच उडी मार." शिवाय प्रत्येक उडीला त्यांची ती ठणठणीत टाळी. पाय सुटले की टाळी, टाळी वाजली की गिरकी. हॉलमधली सगळी पोरं याच टाळीवर वाढली होती.

सकाळी मामांची मुलगी कॅमेरे घेऊन आली. माणसाच्या हालचाली मोजणं हेच ताईचं काम. तिने भिंगरीच्या खांद्यांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर चमकत्या टिकल्या चिकटवल्या.

"हिला उडवायचीय की दुकानात मांडायचीय?" मामा म्हणाले.

"बाबा, जरा गप्प बसा ना."

भिंगरीने नेहमीसारखी एक उडी मारली आणि पडद्यावर तिची काड्यांची बाहुली झाली. बाहुली अगदी संथ वर गेली, आणि तिघं वाकून बघू लागले.

"उंची भरपूर आहे," ताई म्हणाली. "उगाच पायांवर खापर फोडताय. हात बघा. हात छातीशी आवळले की अंग झपकन फिरतं. हिचे नुसते लोंबताहेत. कशाची वाट बघतेस गं?"

भिंगरीला सांगता येईना. ताईने आवाज चालू केला. बाहुलीचे पाय सुटले, मग टाळी वाजली आणि त्यानंतर कुठे हात आवळले गेले. तोवर अर्धी उडी संपली होती.

भिंगरीच्या अंगात वारं शिरलं. पाय धड होते तर! लगेच तिची नजर मामांकडे गेली आणि आनंद जरा आवरावा लागला.

"म्हणजे इतकी वर्षं मीच आडवा येत होतो," मामा म्हणाले. ताई केबल गुंडाळू लागली.

मग टाळीशिवाय सराव ठरला. पण जित्याची खोड ती! भिंगरीचे पाय सुटले आणि मामांचे हात आपोआप वाजले. भिंगरी पुन्हा आपटली. स्वतःवरच चिडून मामा हॉलबाहेर निघून गेले आणि भिंगरीने एकटीने उड्या मारल्या. दोन जमल्या, एक फसली.

दुपारी परीक्षक ओळीने बसले. मामा कोपऱ्यातल्या बाकावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. भिंगरी धावली, पाय सुटले, आणि हॉलमध्ये चिडीचूप शांतता. हात छातीशी आले. एक गिरकी, दुसरी, लाथ. पाय गादीवर घट्ट रोवले गेले.

सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. मुख्य परीक्षक बाईंनी मान डोलावून तिला निवडलेल्यांच्या रांगेकडे बोट दाखवलं. भिंगरी मात्र आधी बाकाकडे पळाली. मामा अजून तसेच बसले होते, डोळे भरलेले.

"मामा, आता वाजवा की."

त्यांनी हात बाहेर काढले. ते इतके बधिर झाले होते की टाळी काही वाजेना, म्हणून त्यांनी तिला सरळ जवळ ओढून घेतलं.