अर्धी वडी

भोपाळला शाहपुऱ्यात तळ्याच्या मागच्या बाजूला वसंतराव पांढरीपांडे राहतात. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते, आता निवृत्त आहेत. त्यांच्या मुलीचं, केतकीचं, लग्न झालं त्या वर्षी जावयाने, अमेयने, कंपनीच्या कामावरून परतताना चीनमधून पुअर नावाच्या चहाची एक वडी आणली होती. बशीएवढी, घट्ट दाबलेली, कागदात गुंडाळलेली. हा चहा कोवळा असताना कडूजहर लागतो. वर्षानुवर्षं मुरला की मऊ होतो. लग्नाच्या दहाव्या वर्षी दोघांनी मिळून ती फोडायची, असं ठरलं. त्यांची भाड्याची घरं बदलत राहणार, म्हणून वडी वसंतरावांकडे आली.

वसंतरावांनी ते काम मनावर घेतलं. केतकीच्या रिकाम्या खोलीत एका कोऱ्या माठात वडी ठेवली. भोपाळचा मे महिना म्हणजे हवा पार कोरडी, तेव्हा माठाशेजारी पाण्याचं भांडं. पावसाळ्यात ते भांडं बाहेर, आणि बुरशी आली का ते बघायला दर आठवड्याला कागद उघडायचा. खसचा, म्हणजे वाळ्याचा, वास लागेल म्हणून त्या खोलीत कुलर नाही. बायकोच्या, रजनीताईंच्या, लोणच्याच्या बरण्याही तिथून हलल्या. दर हिवाळ्यात कडेचा एक कण काढून ते चव बघत.

आठव्या वर्षी केतकी आणि अमेय वेगळे झाले. भांडीकुंडी, गाडी, पुस्तकं, सगळ्याची वाटणी झाली. वडीचं नाव कुणी काढलं नाही आणि वसंतरावांनीही ती काढून दिली नाही.

पुढच्या वर्षी अमेयचा फोन आला. भोपाळलाच साकेत नगरच्या हॉस्पिटलमध्ये मशीन बसवायला तो आला होता. वडी आहे का अजून, असं त्याने विचारलं. खराब झाली, हे शब्द वसंतरावांच्या ओठांवर आले होते. पण ते म्हणाले, आहे, रविवारी ये.

रजनीताईंना हे पटलं नाही. पोरीला विचारल्याशिवाय त्याला घोटभरही मिळणार नाही, असं त्यांनी बजावलं. वसंतरावांनी केतकीला पुण्याला फोन लावला. तिने आधी चहा कसा झालाय ते विचारलं. कडवटपणा बराच गेलाय, घोट उतरल्यावर गोडसर लागतं, असं ते म्हणाले.

“अर्धी द्या त्याला,” ती म्हणाली. “माझी तिथेच राहू द्या.”

रविवारी अमेय आला. वसंतरावांनी बारीक सुरीने एक पापुद्रा सोडवला, पहिलं पाणी ओतून टाकलं, दुसरं लहान कपांत गाळलं. अमेय चहा सावकाश प्यायला. मग कप खाली ठेवला.

“माझं लग्न ठरलंय,” तो म्हणाला. “तुम्हाला बाहेरून कळू नये म्हणून आलो. चहाचं निमित्त केलं.”

दहावं वर्ष उजाडेल, वडी फोडायच्या निमित्ताने दोघं या खोलीत बसतील, असं वसंतराव मनात धरून होते, हे त्यांना स्वतःलाच आत्ता कळलं. एवढी राखण त्या आशेचीच होती. त्यांनी पुन्हा पाणी तापत ठेवलं.

रजनीताईंनी मुलीचं नाव विचारलं. दीप्ती, नाशिकची. जेवून जा, असं त्या म्हणाल्या, आणि तो जेवला. निघताना वसंतरावांनी वडीचे दोन तुकडे केले. मोठा कोणता हे न बघता एक त्याला दिला. स्वयंपाकघरापासून आणि उदबत्तीपासून लांब ठेव, असं दोनदा सांगितलं.

संध्याकाळी त्यांनी केतकीला सगळं सांगितलं. तिला महिन्याभरापूर्वीच कळलं होतं. अमेयने आधी तिलाच सांगितलं होतं.

“मग मला बोलली का नाहीस?”

“तुम्ही त्याची वाट बघत होतात, बाबा. मला सांगवलं नाही.”

दिवाळीला केतकी आली. दुपारी बापलेक चहा घेऊन बसले. दुसऱ्या पाण्याला तिने तोंड वाकडं केलं, अजून कडू आहे म्हणाली. चौथं तिला आवडलं. मग अमेयबद्दल नाही, तर नव्या नोकरीबद्दल, पुण्यात बघितलेल्या घराबद्दल ती बोलत राहिली, आणि वसंतराव पाणी ओतत ऐकत राहिले.