केसरबाईची हाक

"म्या नाय हाक मारणार," केसरबाई म्हणाली आणि दारातच फतकल मारून बसली. "माझ्या हाकंला ती खायाला येत्यात. मरायला नाय."

डॉक्टर अमृता मॅडमनी सर्जेरावकडे पाहिलं. जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून सर्जेरावची एकतीस वर्षं गेली होती. अवघड काम आलं की डॉक्टरची नजर परिचराकडे वळते, एवढं वैद्यकशास्त्र त्याला नक्की येत होतं.

खाम नदीच्या काठच्या त्या वस्तीत केसरबाईची तेवीस डुकरं होती. आठवड्यात नऊ गेली. आधी खाणं सुटलं, मग अंग तापलं, कान आणि पोट जांभळं पडलं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती आडवी झाली. नमुना तपासून आला. आफ्रिकन स्वाइन फीवर. माणसाला त्याचा धोका नाही, पण डुकराला ना औषध, ना लस. आजूबाजूच्या एक किलोमीटरमधली सगळी डुकरं मारून पुरायची, असा आदेश होता. उरलेली चौदा सकाळपासून नदीच्या झाडोऱ्यात घुसली होती. महापालिकेची माणसं फास घेऊन त्यांच्यामागे पळत होती, म्हणजे खरं तर डुकरंच त्यांना पळवत होती.

"आणखी बिथरली तर किलोमीटरच्या हद्दीपलीकडच्या वस्तीत शिरतील," मॅडम हळूच म्हणाल्या. "मग तिथलीही मारावी लागतील. सर्जेराव, तुमची ओळख आहे ना यांच्याशी?"

ओळख होती. डुकरांच्या दुसऱ्या एका तापाची लस आहे, ती टोचायला तो दर वर्षी इथं यायचा. केसरबाई ओट्यावर उभी राहून हाक मारायची, "हुर्र्र... आलं गं बायांनो, आलं!" की नदीतून, गटारातून, उभ्या टेम्पोंखालून सगळी डुकरं खडी उडवत धावत यायची. आता सर्जेराव म्हणजे दवाखान्यातला नामांकित नकलाकार. एका बदलून गेलेल्या साहेबांचं खोकणं तो असं करायचा, की शिपाई दचकून उभे राहायचे. एका वर्षी गंमत म्हणून त्यानं केसरबाईची हाक मारून दाखवली. डुकरं आली! केसरबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"दादा, सोडा ती नोकरी," ती म्हणाली होती. "अन् या माझ्या कामाला."

तेव्हापासून दर वर्षी चहाच्या आधी ही नक्कल व्हायचीच. ती त्याला दादा म्हणायची, तो तिला अक्का.

आज तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"अक्का, आज नाय तर चार दिसानं मरणारच हायेत ती. तडफडून मरतील. सुईनं निदान..."

"लग्नाच्या हॉलातलं उरलंसुरलं आणून घातलं म्या," ती मधेच म्हणाली. "डॉक्टरबाई म्हणल्या, तसल्या खरकट्यातून बी येतो ह्यो रोग. माझ्या हातचं खाऊन मेली व्हय दादा, ती?"

तसं असेलही, नसेलही. सर्जेराव उठला.

"पाणी पिऊन येतो," असं सांगून तो घरामागे गेला.

मागे जाळी बांधून आवार तयार केलं होतं. शेजारी खड्डा होता, चुन्याच्या गोण्या होत्या. सर्जेरावनं तोंडावरचा मास्क खाली केला आणि नदीकडे पाहत हाक मारली.

"हुर्र्र... आलं गं बायांनो, आलं!"

इतकी चांगली हाक त्याला आजवर कधी जमली नव्हती. आधी खडीवर खुरांचा आवाज आला, मग ती दिसली. उपाशी होती बिचारी. थेट जाळीत शिरली आणि त्याच्या रिकाम्या हातांकडे तोंड वर करून उभी राहिली. तेरा आली. चौदावी, पांढऱ्या कपाळाची चांदी, नाल्याच्या पाइपाच्या तोंडाशी थबकली. आत काय चाललंय ते ती बराच वेळ पाहत राहिली आणि वळून दिसेनाशी झाली.

केसरबाई घराच्या कोपऱ्याशी येऊन उभी होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"प्यालात का पाणी, साहेब?" तिनं विचारलं.

एकतीस वर्षांत सर्जेरावला साहेब कुणी म्हटलं नव्हतं.

त्यानंतर त्याचं काहीतरी बिनसलं. हाक मारली ती वेळ झाली, संध्याकाळचे पाच वाजले, की कानात खुरं वाजायला लागायची. घरी, बसमध्ये, दवाखान्याच्या पायरीवर, कुठंही. मागे वळून पाहिलं तर कुणी नसायचं. एका निरोप समारंभात सगळ्यांनी नकलेचा आग्रह धरला. तो हौसेनं उठला, तोंड उघडलं आणि साहेबांच्या खोकल्याऐवजी घशात तीच हाक येऊन बसली. खिशातला रुमाल तोंडाला लावून तो बाहेर निघून गेला. बायको सुलेखा म्हणायची, "अहो, काम हुतं ते तुमचं." काम होतं, हे त्यालाही पटायचं. तरी लाज वाटायची ती वाटायचीच.

तीन महिन्यांनी वस्तीत डुकरं पाळण्यावरची बंदी उठली आणि त्याच आठवड्यात चांदी परत आली. मॅडमनी वरिष्ठांना विचारून घेतलं. रक्त स्वच्छ निघालं तर तिला ठेवायची असं ठरलं. रक्त काढताना केसरबाईनं तिला मांडीशी धरलं होतं म्हणे. सर्जेरावनं त्या दिवशी रजा टाकली होती. पण अहवाल आला आणि त्यात रोग नाही असं निघालं, तेव्हा तो स्वतःहून म्हणाला, "अहवाल मी नेऊन देतो, मॅडम."

वाटेत त्यानं बोलायचं सगळं ठरवून ठेवलं. आधी अहवाल. मग, अक्का, चुकलं माझं.

केसरबाई ओट्यावर बसली होती. पुढ्यात घमेल्यात भाकरीचे तुकडे भिजवलेले. त्यानं तोंड उघडलं तसा तिनं घाईनं हात वर केला.

"बोलू नका, साहेब," ती कुजबुजली. "तुमचा आवाज वळखती चांदी." मग जरा थांबून म्हणाली, "माझी हाक आली तरी पळून जाती आता. गपचिप बसलं तरच येती."

सर्जेरावनं कागद ओट्यावर ठेवला, वर एक दगड ठेवला. तिनं डोळ्यांनीच विचारलं. त्यानं मान हलवली, चांदी बरी आहे. केसरबाईनं डोळे मिटले आणि उघडले. बाकीचं जे सांगायचं होतं ते त्याच्या तोंडातच राहिलं. पाय न वाजवता तो मागे सरकत गल्लीच्या टोकाला गेला आणि भिंतीआड उभा राहिला.

खूप वेळानं पाइपातून पांढरं कपाळ बाहेर आलं. चांदी दोन पावलं टाकायची, थांबायची. केसरबाई जागची हलली नाही. फक्त तिचे ओठ हलत होते. त्या हालचालीवरून सर्जेरावला हाकेचा शब्दन् शब्द कळत होता, पण आवाज तिनं येऊ दिला नाही.