वरणावरचा तांब्या

"विचारा की यांना, जहाज बुडून राहिलं व्हतं तवा हे काय करून राहिले व्हते," पारुबाई गाड्यावरच्या कढईत भजी सोडता सोडता गिऱ्हाइकाला म्हणाली.

गिऱ्हाईक नवं होतं, औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन परतणारं. त्या बापड्यानं विचारलं. जवळा बाजार गावच्या जुन्या गिऱ्हाइकांनी बशीत तोंड घालून हसू लपवलं.

"वरण झाकून राहिलो व्हतो," तिचा नवरा उत्तमसिंग म्हणाला. सुरुवातीला त्याला या उत्तराची लाज वाटायची. आता ते भज्यांबरोबरच्या तळलेल्या मिरचीसारखं गिऱ्हाइकाला फुकट मिळत असे.

उत्तमसिंगचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे. पणतू थेट खाऱ्या पाण्यावरच जाऊन बसला, एका मालवाहू जहाजावर स्वयंपाकी म्हणून. बंजारा तांड्यावरून जहाजावर गेलेला तो पहिला माणूस, आणि पारुबाईचं चाललं तर शेवटचा. एका सकाळी भर समुद्रात जहाजाला भगदाड पडलं, भोंगा वाजला, सगळे होड्यांकडे धावले. उत्तमसिंगनं आधी शेगडी बंद केली. वरणाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. जहाज कलतंय, झाकण घसरेल, म्हणून त्यावर पाण्यानं भरलेला पितळी तांब्या ठेवला. मग होडीत जाऊन बसला. माणसं सगळी वाचली. जहाज मात्र वरण आणि तांब्यासकट तळाला गेलं.

तो तांब्या पारुबाईचा होता. लग्नात तिच्या आईनं दिलेला, वर 'पारू' असं कोरलेला. घरातल्या बाकी सगळ्या भांड्यांवर, अगदी पळीवरसुद्धा, उत्तमसिंगचं नाव. परमुलखात घरचं एक तरी भांडं असावं म्हणून तिनंच तो त्याच्या पिशवीत घातला होता. त्यांच्या घरात आई लेकीला लग्नात तांब्या देते, तसा तो पुढं निलमला जायचा होता. आता निलमचं लग्न तोंडावर आलं होतं आणि द्यायला तांब्या नव्हता. पारुबाई अजूनही हसून टोमणा मारायची, पण हल्ली तो जरा जास्तच लागायचा.

निलम हिंगोलीला कॉलेजात शिकत होती. दुपारी गर्दी ओसरली तशी ती बाकावर मोबाइल घेऊन बसली.

"बा, तुमचं जहाज आता तसं न्हाई राहिलं," ती म्हणाली. "तिथं लोखंड खाणारे बारीक जंतू असतात. गंजाचे झुबके लोंबत राहतात म्हणे, हात लावला की भुगा. लाकूड किडे खाऊन टाकतात. फार खोल असलं तर हाडंबी पाण्यात विरघळतात."

"अन् वरण?"

"ते माशांनी तवाच खाल्लं असंल."

"खाऊ दे. हिंग बराबर पडला व्हता," उत्तमसिंग समाधानानं म्हणाला.

पारुबाईचा झारा कढईवरच थांबला. "अन् पितळ?"

निलमनं बराच वेळ बोट फिरवत वाचलं. "पितळ हिरवं पडतं, पण लई वर्षं टिकतं. जहाज पार गेलं तरी असली भांडी गाळात पडून राहतात."

"जहाजावर नाव लिवलेलं व्हतं का?" पारुबाईनं नवऱ्याला विचारलं.

"व्हय तर. माणसाएवढी अक्षरं."

"ते जाईल?"

"लोखंडासंगट जाईल," निलम म्हणाली.

"अन् माझं ऱ्हाईल." पारुबाई इतकी खूश झाली की शेवटच्या गिऱ्हाइकाच्या बशीत तिनं न मागता दोन भजी टाकली.

"पण याडी, तिथं उजेडच न्हाई. पार काळोख. वाचणार कोण?" निलमनं आईला विचारलं.

"मला तरी कुठं वाचता येतं," पारुबाई म्हणाली. "चिंचेनं घासताना कोरलेलं अंगठ्याला लागायचं. माझं नाव मला तेवढंच ठावं व्हतं."

उत्तमसिंग भज्यांचं पीठ ढवळू लागला. ते केव्हाच ढवळून झालं होतं. इतकी वर्षं तो एका तांब्याचे टोमणे हसत ऐकत आला होता. आज त्याला फार वाईट वाटलं.

आठवडी बाजाराच्या दिवशी त्यानं गाडा लवकर बंद केला आणि दोघींना भांड्यांच्या दुकानात नेलं. चांगला जड पितळी तांब्या निवडला आणि तो नावं कोरणाऱ्या लखमापुढं ठेवला. लखमा बाजारात ताडपत्रीखाली मशीन घेऊन बसायचा.

"ह्याच्यावर पारू घाल," उत्तमसिंग म्हणाला. "तसाच." मग तो पारुबाईकडं वळला. "मंग पोरीला दे तू."

पारुबाईनं तांब्या मागं ओढला. "काहून? माझा हाय की तिकडं, जागेवर. ह्याच्यावर निलम घाल."

"नवरदेवाचं नाव काय?" लखमानं सवयीनं विचारलं.

"निस्तं निलम. अन् खोल कोर बरं."

मशीन घुर्र करत चाललं. पितळेचा पिवळा कीस लखमाच्या मांडीवर पडला. काम झाल्यावर उत्तमसिंगनं तांब्या घ्यायला हात पुढं केला.

"तुमी न्हाई," पारुबाई म्हणाली. "तुमी ठेवाल कशावर तरी."

लखमा हसला, निलम हसली, उत्तमसिंगही हसला. पारुबाईनं तांब्या छातीशी धरला, डोळे मिटले आणि नव्या अक्षरांवरून सावकाश अंगठा फिरवला. मग थांबून परत पहिल्यापासून फिरवला.

"लागतंय," ती म्हणाली आणि तांब्या लेकीच्या हातात दिला.